घोड्याची जुनी इंग्लिश दुनळी: घ्यावी का, चालवावी का?

तुमच्या पत्रात तीन प्रश्न आहेत. लीड्सजवळच्या एका लिलावात तुम्हाला बारा बोअरची, घोड्यांची (म्हणजे चाप ओढल्यावर आदळणारे हातोडे बाहेर दिसतात अशी) दुनळी आवडली आहे. दमास्कस (लोखंड-पोलाद पिळून घडवलेल्या) नळ्या, लांबी 30 इंच, नळ्यांच्या मधल्या पट्टीवर यॉर्कशायरमधल्या एका गावच्या बंदूककाराचं नाव, आणि अंदाजे भाव 400 ते 600 पौंड. ती घ्यावी का आणि येत्या हंगामात तिने फेजंट (कोंबड्याच्या जातीचे शिकारीचे पक्षी) मारता येतील का, हा पहिला प्रश्न. पुढे तिची किंमत वाढेल का, हा दुसरा. तिसरा तुमच्या सावंतवाडीकडच्या घराचा: माळ्यावर आजोबांची ठासणीची (तोंडातून दारू-छर्रे ठासून भरायची) बंदूक आहे, तिच्यावर ‘मँटन’ असं कोरलंय, तिचं काय करावं?

मी मूळचा संगमेश्वर तालुक्यातला. आमच्या घरीही ठासणीची होती, वानर आणि डुकरं हाकायला. 1988 साली पोलादाच्या कामावर शेफील्डला आलो आणि पाचएक वर्षांत जुन्या इंग्लिश बंदुकांच्या नादाला लागलो. त्या जमवतो, दर हंगामात चालवतो, आणि त्यांच्यापायी पैसेही घालवले आहेत. जे सांगतो ते त्या अनुभवातून.

तुम्ही कोरीवकामाचे सहा फोटो पाठवलेत आणि नळ्यांच्या तळाचा एक. मला जे हवं होतं ते त्या एका फोटोत मिळालं. कोणतीही जुनी बंदूक हातात आली की आधी पुढचं लाकूड काढा, नळ्या सोडवा आणि उलट्या करून काडतुसाच्या बाजूचा चपटा भाग उजेडात धरा. तिथले ठसे म्हणजे बंदुकीची जन्मपत्रिका. तुमच्या फोटोत मुकुटाखाली एकमेकांना छेदणारे दोन राजदंड आहेत, एका ठशात बी-पी-सी ही अक्षरं आणि दुसऱ्यात व्ही. हा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचा, म्हणजे बंदुका तपासणाऱ्या संस्थेचा, 1904 पूर्वीचा शिक्का. लंडनची तपासणी करणाऱ्या गनमेकर्स कंपनीला सनद मिळाली 1637 मध्ये, आणि बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस संसदेच्या कायद्याने 1813 मध्ये उभं राहिलं. इंग्लंडमध्ये विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बंदुकीला या दोनपैकी एका ठिकाणी, किंवा मान्यता असलेल्या परदेशी प्रूफ हाऊसमध्ये, जादा दारूचा बार सोसून दाखवावा लागतो. म्हणजे वर नाव यॉर्कशायरचं असलं तरी बंदूक बहुधा बर्मिंगहॅमच्या गन क्वार्टर या बंदूककारांच्या वस्तीतली आहे. तिथे नळी एक कारागीर करायचा, कळ दुसरा, दस्ता तिसरा, कोरीवकाम चौथा. गावोगावचे दुकानदार तयार माल मागवून त्यावर आपलं नाव घालायचे. यात फसवणूक नव्हती, धंद्याची रीतच तशी होती, आणि त्या कारागिरांचा हात काही कमी नव्हता.

आता त्याच फोटोतला पुढचा ठसा, जो बहुतेक जण वाचतच नाहीत. डाव्या नळीवर ‘नॉट फॉर बॉल’ असे शब्द आहेत आणि शेजारी ‘12 बी, 14 एम’. उजव्या नळीवर नुसता 12. ‘नॉट फॉर बॉल’ म्हणजे या नळीचं तोंड आवळलेलं आहे, हिच्यातून अखंड गोळी सोडू नका. हे शब्द 1875 ते 1887 एवढ्याच काळात मारले जात. 1887 च्या नियमांनी चौकटीतलं चेंबरचं (नळीत काडतूस बसतं त्या भागाचं) चिन्ह आणलं, ते तुमच्या फोटोत नाही. तेव्हा बंदूक या बारा वर्षांतली, लिलाववाल्यांनी ‘1880 च्या सुमाराची’ म्हटलंय ते बरोबर.

बोअरचा आकडा कुठून येतो हेही समजून घ्या. नळीत नेमका बसेल असा शिशाचा गोळा घेतला आणि तसे बारा गोळे मिळून एक पौंड भरले, तर ती नळी बारा बोअरची. त्या हिशोबाने बारा म्हणजे 0.729 इंच आणि चौदा म्हणजे 0.693. तुमची डावी नळी पोटात बाराची आणि तोंडाशी चौदाची, म्हणजे इंचाच्या 36 हजारांश भागांनी आवळलेली. याला आजच्या भाषेत फुल चोक म्हणायचं. न्यूकॅसलच्या पेप या बंदूककाराने चोकचं पेटंट 1866 मध्येच घेतलं होतं, पण 1875 च्या जाहीर चाचण्यांत बर्मिंगहॅमच्या ग्रीनरच्या चोकच्या बंदुका पुढे आल्या आणि मग सगळ्यांनाच चोक हवासा झाला. तुमची बंदूक त्या लाटेतली. उजवी नळी मोकळी, जवळच्या पक्ष्यासाठी, डावी आवळ, लांबच्यासाठी. मला ही जोडणी फार आवडते. पण वीस-पंचवीस पावलांवरच्या फेजंटवर डावी नळी सोडलीत, तर स्वयंपाकघरात न्यायला काही उरणार नाही.

फोटोत जे नाही ते मात्र सगळ्यांत महत्त्वाचं आहे. नायट्रो दारूच्या चाचणीची खूण कुठेच नाही. 1904 च्या नियमांपासून ती एन-पी या अक्षरांनी येते, 1954 नंतर बर्मिंगहॅमची बी-एन-पी अशी. ही खूण नाही म्हणजे बंदूक फक्त काळ्या दारूवर तपासलेली आहे. दुकानात मिळणारं आजचं नेहमीचं काडतूस बिनधुराच्या नायट्रो दारूचं असतं. ते या बंदुकीत घालू नका. एकदाही नाही, ‘चालतं हो’ असं कुणीही सांगितलं तरी नाही. तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. एक, काळ्या दारूची काडतुसं स्वतः भरायची. त्यासाठी पोलिसांकडून स्फोटकांचा वेगळा दाखला लागतो, तो मिळतो, आणि त्या दारूचा धूर आणि वास अनुभवण्यासारखा आहे. दुसरी वाट म्हणजे बंदूककाराच्या हातून बंदूक प्रूफ हाऊसला पाठवून नायट्रोची नवी चाचणी करून घ्यायची. दमास्कस नळ्या या चाचणीला पात्र असतात आणि चांगल्या नळ्या पासही होतात. पण चाचणीचा बार रोजच्या काडतुसापेक्षा मुद्दाम कितीतरी जोरकस असतो. नळी फुगली, सांधा सुटला, तर बंदूक गेली आणि भरपाई कुणाकडून नाही. म्हणून बोली लावतानाच हा धोका भावात धरायचा.

दमास्कस नळ्यांविषयी दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक, त्या हातात फुटणारच. दुसरं, जुनं ते सोनं. धातूचं काम केलेला माणूस म्हणून सांगतो, दोन्ही मतं आळशीपणाची आहेत. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकावर एक रचून भट्टीत एकजीव करायच्या, लाटून चौकोनी सळया काढायच्या, प्रत्येक सळई तापवून दोरीसारखी पिळायची. तशा दोन किंवा तीन सळया शेजारी जोडून फीत करायची आणि ती फीत लोखंडी गजाभोवती स्प्रिंगसारखी गुंडाळत, घण मारत, वेढ्याला वेढा जोडत न्यायचा. आपल्याकडचा लोहार कोयत्याच्या धारेला पोलाद जोडतो तेच कसब, फक्त एका नळीत शेकडो वेळा. शेवटी नळीला मुद्दाम हळूहळू गंज चढवतात. त्यात लोखंड गडद होतं, पोलाद उजळ राहतं आणि आतली वीण वर दिसते. ती नक्षी वरून काढलेली नसते, धातूच्या पोटातलीच असते. सकाळच्या उन्हात तीन सळयांची नळी फिरवून पाहिली की मला अजूनही हात बाजूला घ्यावासा वाटत नाही. तिचं दुबळेपण असलंच तर जोडांमध्ये: कुठे मळी अडकलेली, कुठे काळ्या दारूच्या क्षारांनी वेढ्याच्या फटीतून गंज आत नेलेला. ते डोळ्यांना दिसेलच असं नाही, म्हणून मोजमाप आणि प्रूफ.

मोजमापं दोन. पहिलं नळीच्या आतल्या व्यासाचं, काडतुसाच्या बाजूने 9 इंच आत. तुमच्या नळ्यांवर 12 म्हणजे 0.729 कोरलंय, त्याच्या वरची पायरी 0.740. आतला गंज घासून घासून नळी 0.740 ला पोचली असेल तर ती प्रूफबाहेर गेली, म्हणजे जुन्या चाचणीचा ठसा तिला लागू नाही. अशी बंदूक विकणं गुन्हा आहे, 1868 च्या प्रूफ कायद्यापासून. दोन आकड्यांतला फरक पाव मिलिमीटरच्या जरा वर, पण बंदुकीचं आयुष्य त्यावर ठरतं.

दुसरं मोजमाप भिंतीच्या जाडीचं, आणि हे कायद्यात नाही. बंदूककार साधारण 20 हजारांश इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर, ही खालची हद्द मानतात. दमास्कससाठी मी स्वतः 25 च्या खाली जात नाही. हे मी पैसे देऊन शिकलो. 1994 मध्ये एका विक्रेत्याकडून लंडनच्या नामांकित घराची घोड्यांची बंदूक घेतली. नळ्या आतून आरशासारख्या, व्यास 0.738, म्हणजे प्रूफच्या आत. मी त्या आरशावर भाळलो. घरी आणून जाडी मोजून घेतली, तर डाव्या नळीला तोंडापासून फूटभर अंतरावर 14 हजारांश. कुणीतरी सगळे गंजाचे खड्डे घासून काढले होते आणि खड्ड्यांबरोबर नळीही. विक्रेत्याने खोटं काही सांगितलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं. शेवटी त्या नळ्या काडतुसाच्या बाजूला तीनेक इंच ठेवून पुढून कापल्या आणि आत नव्या पोलादी नळ्या बसवून घेतल्या. याला स्लीव्हिंग म्हणतात. अशा नळ्यांवर ‘स्लीव्ह्ड’ असा ठसा मारावाच लागतो. ती बंदूक आज उत्तम चालते, पण संग्राहकाच्या लेखी ती संपली. आत थोडे खड्डे असलेली, पण जाड भिंतीची नळी मला आता आरशापेक्षा जास्त विश्वासाची वाटते.

बाकीची तपासणी हाताने आणि कानाने. पुढचं लाकूड काढा, बंदूक बंद करा, दस्ता धरून हळूच हलवा. टकटक जाणवली तर सांधा सैल झालाय. नळ्यांचा मागचा भाग आणि तो ज्याला टेकतो तो कळीचा चेहरा यांच्यामध्ये उजेड दिसता कामा नये. मग नळ्या खालच्या आकड्याला बोट अडकवून टांगत्या धरा आणि नखाने टिचकी मारा. देवळातल्या लहान घंटेसारखा लांबणारा नाद आला तर मधली पट्टी पक्की आहे. फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज आला, तर पट्टीचा डाक सुटलाय आणि खाली पाणी शिरून गंज चढलेला असू शकतो. नळीतून खिडकीच्या चौकटीकडे पाहा. सावलीची रेघ सरळ धावायला हवी, ती कुठे गोल तुटली तर तिथे फुगवटा किंवा पोचा. घोडा खाली दाबून सोडा, त्याने उसळून थोडं मागे यायला हवं. ही उसळती कळ स्टँटनच्या 1867 च्या पेटंटनंतर हळूहळू रुळली. त्याआधीच्या बंदुकीत बार झाल्यावर घोडा पिनवर दाबलेलाच राहतो आणि उघडण्याआधी तो अर्धा ओढावा लागतो. तुमची बंदूक उसळत्या कळीची असावी, पण खात्री करा. दस्त्यात कळीच्या मागे केसासारखी चीर आहे का आणि लाकूड तेलाने काळं, मऊ पडलंय का, तेही बघा. शंभर वर्षं लोक बंदूक नळ्या वर करून ठेवतात आणि सगळं तेल लाकडात उतरतं. घरी आणलीत तर नळ्या खाली करून ठेवा.

एक विनंती. कोरीवकाम झिजलंय म्हणून ते पुन्हा खोदून घेऊ नका, आणि नळ्यांना चकाकी आणायला कुणालाही देऊ नका. कळीच्या कडेला, घोड्याच्या मागे, जिथे हात लागत नाही तिथे मूळ निळसर-तपकिरी रंगाचे ढग शिल्लक असतात. ते एकदा गेले की गेले.

काडतुसाबद्दल सांगायलाच हवं, कारण इथेच माणसं बोटं गमावतात. त्या काळच्या बारा बोअरचं चेंबर बहुधा अडीच इंचाचं, म्हणजे 65 मिलिमीटरचं. आज सगळीकडे मिळतं ते काडतूस 70 मिलिमीटरचं. गंमत अशी की 70 चं काडतूस 65 च्या चेंबरमध्ये अलगद बसतं, कारण 70 ही उडाल्यानंतर तोंड उलगडल्यावरची लांबी, भरलेलं काडतूस त्याहून बरंच आखूड असतं. बसलं म्हणजे चाललं असं वाटतं. बार होताच ते तोंड चेंबरच्या पुढच्या निमुळत्या भागात उलगडतं, छर्ऱ्यांची वाट अडते आणि दाब एकदम चढतो. नायट्रो प्रूफ झाल्यावरसुद्धा तुमच्या बंदुकीला 65 चीच काडतुसं. ईली, हल आणि गेमबोअर या कंपन्या अजून ती बनवतात.

छर्ऱ्यांचं वजन किती घ्यायचं, यासाठी ग्रीनरचा जुना नियम मला पुरतो: बंदूक छर्ऱ्यांच्या 96 पट जड हवी. सहा पौंडांची बंदूक म्हणजे 96 औंस, तिला एक औंस, म्हणजे 28 ग्रॅम. तुमची कॅटलॉगमध्ये साडेसहा पौंडांची आहे, हिशोबाने तीसेक ग्रॅम बसतात. तरी मी 28 च्या वर जाणार नाही, क्ले (हवेत उडवलेल्या चकत्या) फोडायला तर 24 पुरेत. जुन्या लाकडाला धक्का कमी बसतो, खांद्यालाही.

शिशाचा प्रश्न आता टाळता येणार नाही. इंग्लंडमध्ये 1999 पासून बदकं आणि कलहंसांवर (गीज), आणि समुद्रकाठच्या भरतीच्या पट्ट्यात, शिशाच्या छर्ऱ्यांना बंदी आहेच. जुलै 2025 मध्ये सरकारने एकूणच शिशाच्या छर्ऱ्यांवर बंदी आणायचं जाहीर केलं, बदलाला तीन वर्षांची मुदत ठेवून. मला हे पटतं. पाणथळीतले पक्षी खडे समजून छर्रे गिळतात आणि तडफडून मरतात, आणि शिशाने मारलेलं मांस आपण मुलांच्या पानात वाढतो. पण स्वस्त पर्याय पोलादी छर्ऱ्यांचा आहे, ते कडक असतात, आणि तुमच्या दमास्कस नळ्यांत, त्यातही आवळलेल्या डाव्या नळीत, ते मुळीच घालायचे नाहीत. जुन्या बंदुकांना बिस्मथ या धातूचे छर्रे मानवतात. शिशाहून ते हलकं आहे, तेव्हा छर्रा एक नंबर मोठा घ्यायचा आणि लांबचा पक्षी सोडून द्यायचा. महाग पडतं, काडतूस मोजून वापरावं लागतं. मी गेली काही वर्षं शिकारीला फक्त बिस्मथच वापरतो आणि दिवसाकाठी पंधरा-वीस बारांच्या वर जात नाही.

आता फेजंट. हंगाम 1 ऑक्टोबर ते 1 फेब्रुवारी, रविवारी आणि नाताळच्या दिवशी बंद. ग्राऊस या माळरानी पक्ष्याचा 12 ऑगस्टला सुरू होतो, पण हेदरच्या झुडपांच्या माळावरचा हाक्याचा दिवस तुमच्या-माझ्या खिशाचा नाही. तुम्ही एखाद्या छोट्या मंडळात जा, जिथे पाच-सहा जण, दोन-तीन कुत्री, आणि आळीपाळीने सगळेच हाकारे. अशा ठिकाणी घोड्यांची बंदूक खरी शोभते. पण तिची शिस्त वेगळी आहे. चालताना घोडे खाली. पक्षी उठला की बंदूक खांद्याला जाता जाता अंगठ्याने घोडा ओढायचा. हे घरी, रिकाम्या बंदुकीवर, नकली काडतुसं घालून, शेकडो वेळा करा. थंडीने बधिरलेल्या अंगठ्यातून घोडा निसटला तर बार होतो, म्हणून ओढतानाही नळ्या कायम आकाशाकडे. घोडे ओढलेत आणि पक्षी गेला, तर आधी बंदूक उघडायची, काडतुसं काढायची, मग घोडे उतरवायचे. भरलेल्या बंदुकीवर घोडा उतरवायचा नाही. कुंपण, ओढा, निसरडी चढण आली की उघडून रिकामी करायची. शेजारच्याला तुमचे घोडे वर की खाली हे लांबूनही दिसतं, ही या बंदुकीची मोठी सोय आहे.

घोडे ओढण्यात वेळ जातो आणि पक्षी निसटतो, असं तुम्हाला सांगितलं गेलंय. बिनघोड्यांच्या बंदुका 1870 च्या दशकातच आल्या, अँसन आणि डीलीची पेटीबंद कळ 1875 ची. तरी लॉर्ड रिपनसारखा नेमबाज शेवटपर्यंत लंडनच्या पर्डी या बंदूककारांच्या घोड्यांच्या बंदुकाच वापरत राहिला. आयुष्यात त्याने पाच लाखांवर पक्षी आणि प्राणी मारल्याची नोंद आहे, आणि 1923 च्या सप्टेंबरात यॉर्कशायरच्या डॅलोगिल माळावर, शिकारीच्या दिवशीच तो कोसळला. त्या आकड्याचं मला कौतुक नाही, आज तसं कुणी वागूही नये. पण घोड्यांमुळे हात मंदावतो हे म्हणणं तेवढ्याने निकालात निघतं. आपल्या पंजाबचा शेवटचा महाराजा दुलीपसिंगही त्याच काळातला. पंजाबचं राज्य गेल्यावर सफोकमधल्या एल्व्हेडनला त्याने इस्टेट घेतली आणि पर्डीच्या बंदुकांनी इंग्लंडच्या पहिल्या फळीच्या नेमबाजांत नाव कमावलं. तिथून जाताना मला नेहमी वाटतं, ज्याच्याकडून सगळं काढून घेतलं त्याने त्यांच्याच खेळात त्यांना हरवलं.

बंदूक तुमच्या अंगाला बसते का, तेही पाहा. 1880 चा दस्ता कुण्या दुसऱ्याच्या खांद्यासाठी घडवलेला असतो. डोळे मिटून बंदूक खांद्याला आणा आणि मग उघडा. पट्टीवरून सरळ नजर गेली तर उत्तम. थोडा फरक बंदूककार लाकूड तापवून, वाकवून काढतो, लांबी कमी असेल तर मागे तुकडा जोडतो. त्यानंतर 40 यार्डांवर कागद लावा आणि 30 इंचांच्या वर्तुळात किती छर्रे पडतात ते मोजा. फुल चोकच्या नळीने सुमारे 70 टक्के द्यायला हवेत, मोकळ्या नळीने 40. आपली बंदूक किती अंतरावर पक्षी जागीच पाडते, हे माहीत नसताना पक्ष्यावर बार काढणं मला क्रूर वाटतं.

परवान्याचं तुम्हाला थोडक्यात, कारण तुमच्याकडे शॉटगन सर्टिफिकेट (छर्ऱ्यांच्या बंदुकीचा परवाना) आहे. 1968 च्या इथल्या बंदूक कायद्याच्या 58 व्या कलमाखाली काही जुन्या बंदुका केवळ शोभेची वस्तू म्हणून बिनपरवाना ठेवता येतात. 2021 च्या नियमांनी कुठल्या ते ठरवलंय: ठासणीच्या, पिनफायर, जुन्या कालबाह्य काडतुसांच्या. तुमची बारा बोअर त्यात येत नाही, तेव्हा ती पहिल्या दिवसापासून सर्टिफिकेटवर, आणि ताब्यात घेतल्यापासून सात दिवसांत पोलिसांना कळवायचं. बंदुकीच्या कपाटाची किल्ली घरात दुसऱ्या कुणालाही ठाऊक असता कामा नये, पत्नीलाही नाही.

किंमत वाढेल का? तुम्ही याच हेतूने घेणार असाल तर घेऊ नका. पर्डी, बॉस, हॉलंड अँड हॉलंड यांच्या मूळ अवस्थेतल्या, क्रमांक एक-दोनच्या, एकमेकींपासून वेगळ्या न झालेल्या जोड्या भाव टिकवतात. कारखान्याच्या वहीत बंदुकीचा नंबर शोधला की पहिल्या मालकाचं नाव मिळतं, त्याचाही भाव असतो. गावच्या नावाची साधी बंदूक गेल्या वीस वर्षांत स्वस्तच होत आली आहे, आणि म्हणूनच तुमच्या-माझ्यासारख्याच्या हाती लागते. शिवाय हातोडा पडतो त्या भावावर लिलावघराचं प्रीमियम (कमिशन) आणि त्यावर व्हॅट. 500 ला सुटली तर घरी येईपर्यंत साडेसहाशेच्या आसपास, त्यात प्रूफ, बंदूककाराची मजुरी धरा. या पैशांत नवी तुर्की बंदूक येते. तरीही मी जुनीच घेईन. दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी कानशीने, काजळीच्या डागावर नजर ठेवून, ती कळ नळीला बसवली आणि ती अजून अंधारात कपाटाचं दार मिटावं तशी मिटते. ते हातात घेऊन माळावर चालणं मला हवं असतं.

सावंतवाडीची बंदूक. जोसेफ मँटन लंडनचा, 1766 ते 1835, इंग्लिश बंदुकीला आजचा सडसडीत बांधा देणारा. जेम्स पर्डी त्याच्याच कारखान्यात काम करून 1814 मध्ये स्वतंत्र झाला. पण हिंदुस्थानात मँटन हे नाव कलकत्त्याच्या दुकानामुळे घरोघरी पोचलं, आणि पोचलं म्हणून खोटंही कोरलं जाऊ लागलं. नळीवर लंबवर्तुळात ई-एल-जी ही अक्षरं असतील तर ती बेल्जियमच्या लिएजची. काहीच ठसा नसेल तर बहुधा देशी हाताची. कोकणात शेतरक्षणाच्या परवान्यावर अशा बंदुका अजून आहेत, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा होतात आणि नंतर घरी येतात. तुमच्या आजोबांचा परवाना होता का, आणि त्यांच्या पश्चात वारसाच्या नावावर झाला का, हे आधी काका-आत्यांना विचारा. झाला नसेल तर वकिलाला विचारून, पोलीस ठाण्यात कळवून, जिल्हाधिकारी कार्यालयातून तो मार्गी लावा. वस्तू जुनी आहे म्हणून 1959 चा शस्त्र कायदा लागत नाही, असं गृहीत धरू नका. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, वारशाच्या धरून, तेही लक्षात असू द्या. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्याकडे शिकारीला बंदी आहे, तेव्हा ती चालवायचा प्रश्नच नाही. आणि एक गोष्ट आजच फोन करून सांगा: तिला कुणी हात लावू नये, पोरांना तर मुळीच खेळू देऊ नये. ठासणीची बंदूक चाळीस वर्षं भरलेली राहू शकते. आमच्या घरची तशीच निघाली होती. गज आत घातला तर तो टीचभर बाहेर राहिला, म्हणजे तळाशी बार होता, आणि आईने आम्हा सगळ्यांना अंगणात काढलं.

पाहणीच्या दिवशी लवकर जा, गर्दी व्हायच्या आत. बरोबर लहान विजेरी आणि पांढरा कागद न्या. लिलावघराला नळीचा व्यास आणि भिंतीची कमीत कमी जाडी लेखी मागा, चांगली घरं कॅटलॉगमध्येच छापतात. दोन्ही नळ्या 0.735 च्या आत आणि जाडी कुठेही 25 हजारांशांहून कमी नाही, नाद स्वच्छ, सांधा घट्ट, असं असेल तर 450 पर्यंत जा. व्यास 0.738 च्या पुढे असेल किंवा जाडी 20 च्या खाली, तर कोरीवकाम कितीही सुंदर असो, हात खिशात ठेवा. आकडे मिळाले की मला कळवा, आणि यावेळी दोन्ही नळ्यांच्या तळाचे फोटो वेगवेगळे, तिरप्या उजेडात काढून पाठवा.